वाचनालयाच्या चार पायऱ्या

"तुमच्यातला लीडर जागा झालाय का?" प्रशिक्षकाने तिसऱ्यांदा विचारलं.

कानाला अडकवलेल्या माइकमुळे त्याचा श्वाससुद्धा सभागृहभर ऐकू येत होता. जेवणानंतरची सुस्तावलेली वेळ. लीडरचं सोडा, मागच्या रांगांत नुसतं जागं असं कुणी नव्हतं. तरी पुढच्या बाकावरचा एक देखणा मुलगा उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "झालाय, सर!"

"टाळ्या!"

त्या टाळ्यांतच तो पाचव्या गटाचा नेता झाला. गटातल्या उरलेल्या चौघांना ते टाळ्या वाजवून झाल्यावर कळलं. त्यानंतर सगळे त्याला नेताच म्हणू लागले आणि त्यातली चेष्टा त्याला कधीच समजली नाही.

विद्यापीठाने त्या वर्षी 'नेतृत्व आणि संघभावना' हा विषय शेवटच्या वर्षाला सक्तीचा केला होता. गट करायचे, लोकांच्या उपयोगाचं एखादं काम शोधायचं, ते तडीस न्यायचं, मग सादरीकरण, मग गुण. पाचव्या गटात नेत्याशिवाय एक जोडगोळी होती, लांबडी आणि बुटकी, दोघी एकाच डब्यात जेवणाऱ्या आणि एकाच विनोदावर दोनदा हसणाऱ्या. एक काका होता. काही वर्षं गॅरेजात नोकरी करून पुन्हा शिकायला आलेला हा गडी बाकीच्यांपेक्षा थोडाच मोठा होता, पण कानशिलावर केस पिकल्यामुळे काका झाला. अजूनही संध्याकाळी तो गॅरेजात जायचा. आणि एक मास्तरीण होती.

मास्तरीण हे तिला पहिल्या वर्षीच चिकटलेलं नाव. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक तिच्या भुवईवर उमटायची. हे तिला घरातूनच मिळालं होतं. तिचे वडील वीज कार्यालयात कारकून होते. बढती दोनदा हुकलेली. रोज संध्याकाळी ताटावर बसले की ते कार्यालयातल्या मूर्खांची हजेरी घेत आणि प्रत्येक गोष्ट एकाच वाक्याने संपवत: "मी सांगितलं होतं." आई वाढायचं काम करी. मास्तरणीला लहानपणी वाटायचं, जगात शहाणी अशी दोनच माणसं आहेत आणि ती दोन्ही याच टेबलापाशी जेवताहेत.

गटाने काम निवडलं ते वाचनालयाचं. बाजाराच्या टोकाला जुनं सार्वजनिक वाचनालय होतं. त्याला चार उंच पायऱ्या. समोरच कपडे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं दुकान होतं. टेलरबाई लहानपणापासून चाकाच्या खुर्चीवर. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ग्रंथपाल रोज दुपारी वर्तमानपत्र त्यांच्या दुकानात नेऊन देत आणि संध्याकाळी परत आणत. हे बुटकीने पाहिलं होतं. ती म्हणाली, "पायऱ्यांना रॅम्प करूया ना."

"माझ्या मनात तेच होतं," नेता म्हणाला.

आराखडा नेत्याने फळ्यावर काढला. दारापासून फाटकापर्यंत एक सरळ रेघ. मास्तरणीने ती पाहिली. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, आणि फाटकापर्यंत जागा जेमतेम दहा फूट होती. एवढ्यात दोन फूट चढायचं?

"हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे," ती म्हणाली. "मध्ये वळण घ्यावं लागेल."

"वळणानं लूक जातो," नेता म्हणाला. "फोटोत सरळच छान दिसतो."

"खुर्ची फोटोत चढवायचीय का?"

लांबडी आणि बुटकी हसल्या. नेत्याचे कान लाल झाले. तेवढ्यात प्रशिक्षक तिथे आला आणि सगळं ऐकून घेतल्यासारखं करत म्हणाला, "टीममध्ये निगेटिव्ह एनर्जी नको. प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, पुढे नेणारा एकच असतो."

मास्तरणीने हाताची घडी घातली. "करा मग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने कामाला हात म्हणून लावला नाही. पण हजर मात्र रोज राहिली. गवंड्याने खडी पसरली, काकाने घमेली वाहिली, जोडगोळीने पाणी मारलं, नेत्याने बाह्या वर सरकवून प्रत्येक टप्प्यावर स्वतःचा फोटो काढून घेतला. मास्तरीण फाटकाच्या कठड्यावर बसून बघत होती. काकाने एकदा तिच्याजवळ येऊन विचारलं, "खरंच जास्त तिरका वाटतोय गं. पुन्हा बोलतेस का त्याच्याशी?"

"एकदा सांगून झालंय. तोंडावर आपटू दे, मग कळेल."

ती वाट बघत होती. उद्घाटनाला सगळ्यांसमोर काय बोलायचं, तेही तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

उद्घाटनाला विभागप्रमुख आले, प्रशिक्षक आला, रंगीत रिबीन आली. टेलरबाईंना आणायला नेता स्वतः गेला. त्यांच्यापुढे अर्धवट शिवलेला परकर होता.

"बाई, दोनच मिनिटं. तुमच्यासाठीच केलंय सगळं."

"मला कुणी विचारलं नाही ते?"

"सरप्राइज होतं!" नेता म्हणाला आणि खुर्चीच्या मुठी धरून ढकलू लागला. बाईंच्या मांडीवरचा परकर रस्त्यात पडला. तो लांबडीने उचलला.

रिबीन कापली गेली. नेत्याने खुर्ची उतारावर घेतली. पहिली काही पावलं तो हसत होता. मग त्याचे गुळगुळीत तळव्यांचे नवे बूट सरकायला लागले. वरून मोबाइल रोखून प्रशिक्षक ओरडला, "इकडे बघ, इकडे!" आणि नेत्याने इकडे बघितलं. एवढंच नाही, एक हात सोडून त्याने तो हलवलासुद्धा.

खुर्ची मागे आली. नेता बाजूला झाला. तेवढं मात्र त्याला पटकन सुचलं. खाली काका उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे करून खुर्ची अडवली, पण सगळं वजन त्याच्या उजव्या मनगटावर आलं आणि काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. खुर्ची कलंडली. टेलरबाई खडीवर पडल्या.

मास्तरणीच्या ओठांवर ते तयार वाक्य आपोआप आलं.

"मी सांगितलं होतं."

बुटकी बाईंच्या डोक्याखाली हात घालत होती. बाईंच्या कपाळावरून रक्ताची बारीक धार निघाली होती. त्यांनी मान वळवून मास्तरणीकडे पाहिलं.

"सांगितलं होतंस? मला नाही सांगितलंस."

काकाला दवाखान्यात नेलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लॅस्टर चढलं. त्या सत्राची परीक्षा त्याला देता येणार नव्हती आणि एका हाताने गॅरेजात काही करण्यासारखं नव्हतं. मास्तरीण त्याच्या खोलीवर गेली, तेव्हा तो डाव्या हाताने चहा गाळायचा प्रयत्न करत होता. तिने गाळणी घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "सांडला तर सांडला. मी आता शिकतोय." चहा गाळून झाल्यावर म्हणाला, "तुला माहीत होतं, तर तू तिथं खाली का नव्हतीस उभी?"



रात्री जेवताना तिने घरी सगळं सांगितलं. वडिलांचा चेहरा उजळला. "गाढवांचा बाजार आहे नुसता! पण तू सांगितलं होतंस ना? मग झालं. आपल्यावर काही येत नाही." त्यांनी समाधानाने भात कालवला. मास्तरणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे इतकी वर्षं याच खुर्चीत बसून प्रत्येक पडलेल्या माणसाकडे असंच पाहत आले असतील का? आईने तिच्या ताटात वाढायला पळी उचलली आणि तिचं तोंड बघून तशीच खाली ठेवली.

सादरीकरणाच्या दिवशी नेत्याने काळा कोट घातला होता. पडद्यावर मथळा होता: 'संकटातलं नेतृत्व'. जखमींना तातडीने दवाखान्यात कसं हलवलं, टीमचं मनोधैर्य कसं टिकवलं, अपयशातून काय शिकलो, हे सगळं त्याने ओल्या आवाजात सांगितलं. हलवलं होतं बुटकीने, रिक्षा थांबवून. मनोधैर्य कुणाचंच टिकलं नव्हतं. प्रशिक्षकाने डोळे पुसले. नेत्याला उत्कृष्ट नेतृत्वाचं पदक मिळालं. मास्तरणीच्या गुणपत्रिकेवर 'संघभावना' या शब्दासमोर शेरा आला: सुधारणेस वाव. हयातीत पहिल्यांदाच तिला एखाद्या शेऱ्यात दुरुस्ती सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी ती टेलरबाईंच्या दुकानात गेली. बाईंच्या कपाळावर पट्टी होती. मशीन थांबलं नाही.

"काय दुरुस्त करायचंय?"

"रॅम्प," ती म्हणाली. "तुम्हाला हवा असेल तर."

मशीन थांबलं. बाईंनी दात लावून दोरा तोडला. "त्या दिवशी तुम्ही रिबीन कापायला मला नेलंत. मी काय तुमची कात्री आहे?"

"नाही."

"हवाय का, हे विचारायला इतके दिवस लागले. हवाय. वाचनालय मी अजून आतून पाहिलेलं नाही. पण मला कुणी ढकलायचं नाही. एका बाजूला कठडा बसवा, मी हातानं ओढत जाईन. आणि फोटो नको, भाषण नको. मी कधी यायचं ते मी बघेन."

"बरं."

"आणि तुझं ते तोंड," बाई म्हणाल्या, "आंबट काही खाल्ल्यासारखं. ते घरी ठेवून काम कर."

बाहेर पडल्यावर मास्तरणीच्या लक्षात आलं, की जुना रॅम्प फोडून नवा करणं एकटीच्या आवाक्यातलं नाही. उपाहारगृहात लांबडी आणि बुटकी जेवत होत्या. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मला तुमची मदत लागेल."

"आमची?" लांबडीने घास हातातच ठेवला. "मास्तरीणबाईंना?"

"हो."

"गुण मिळणार नाहीत ना आता?" बुटकीने विचारलं.

"नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "येतो," लांबडी म्हणाली. "पण कठड्यावर बसून बघायचं नाही. तू बसलीस की आम्ही निघालो."

मग सुट्टीतली दुपार न् दुपार त्या तिघी छिन्नी-हातोडा घेऊन नेत्याचं स्मारक फोडत बसल्या. मास्तरणीच्या हाताला फोड आले. बुटकी गोड बोलून ग्रंथपालांकडून आवारातली आणखी जागा मिळवून आली. ती मास्तरणीला जन्मात मिळाली नसती, कारण पहिल्याच वाक्यात तिने ग्रंथपालांच्या अर्जातली चूक काढली असती. काका गळ्यात हात अडकवून पायरीवर बसे, गवंड्याशी गप्पा मारे आणि वाळू जास्त झाली की ओरडे. वळण किती रुंद ठेवायचं यावरून एकदा जोरदार भांडण झालं. लांबडी म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल, पण बाईंचा कोपर कुठं जाईल?" मास्तरणीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते गिळून ती समोरच्या दुकानात विचारायला गेली. कोपर खरंच कठड्याला लागला असता. वळण वाढवलं.

एकदा नेताही आला. लांबूनच मोबाइल काढून म्हणाला, "वा! माझ्या टीमचं काम अजून चालू आहे!" बुटकीने त्याच्या हातात मलब्याचं घमेलं दिलं. दोन खेपांनंतर त्याला एक मीटिंग आठवली.

रॅम्प झाला, वाळला, कठडाही बसला. कुणी कुणाला बोलावलं नाही. टेलरबाई आल्या नाहीत.

आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. दुपारी ग्रंथपाल नेहमीसारखे वर्तमानपत्र घेऊन रस्ता ओलांडत आणि संध्याकाळी परत आणत. तिघी आता वाचनालयातच अभ्यासाला बसू लागल्या होत्या.

"जाऊन सांगू या का?" बुटकी कुजबुजली. "झालंय म्हणून?"

"समोरच तर बसतात त्या. दिसतंय की त्यांना," मास्तरीण म्हणाली. "नको."

मग एका दुपारी वर्तमानपत्र न्यायच्या वेळेला ग्रंथपाल आलेलं टपाल लावण्यात अडकले होते आणि बाहेरून सिमेंटवर चाकं फिरल्याचा आवाज आला. आवाज हळूहळू वर सरकला आणि वळणावर थांबला. बराच वेळ थांबला. नुसता श्वास ऐकू येत होता, जड, धापा टाकणारा. ग्रंथपाल खुर्चीतून अर्धवट उठले. मास्तरणीने त्यांच्या बाहीला हात लावला. ते तिच्याकडे पाहत पुन्हा खाली बसले. लांबडीने पुस्तक तोंडासमोर धरलं. बुटकीचे डोळे भरले होते, म्हणून तिने मान आणखी खाली घातली.

चाकं पुन्हा फिरली.

टेलरबाई दारातून आत आल्या. केस कपाळाला चिकटलेले, तळवे लालभडक. त्यांनी कपाटांच्या रांगांवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग वर्तमानपत्रं अडकवलेल्या लाकडी घोडीपाशी गेल्या. वरच्या दांड्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. त्यांनी कागदाचं टोक धरून ओढलं, ते जरासं फाटलं, पण हातात आलं. खिडकीपाशी खुर्ची लावून त्यांनी पान उघडलं.

खोलीत कुणीही वर पाहिलं नाही. मास्तरणीने पुस्तकाचं एक पान उलटलं. त्यातली एक ओळही तिने वाचली नव्हती.