ब्लेझरची झाली पिशवी

मी पिशवी बोलतेय. भाजीची नाही, कॅमेऱ्याची. पोटात तांदळाची कणी, तोंड शिवलेलं. माझ्यावर ते लांबलचक लेन्स टेकवतात, म्हणजे माणसाचा हात थरथरला तरी फोटो थरथरत नाही. इतके दिवस लोकांची वजनं मुकाट्यानं पेलली, आज त्यांनी माझं ऐकावं.

जन्मानं मी ब्लेझर. नूपुर नावाच्या इंजिनियर बाईच्या अंगावर कितीतरी वर्षं कंपनीत गेले. बाहेर नागपूरचं ऊन माणसाला भाजून काढतंय अन् आत एसी असा की हुडहुडी भरावी. म्हणजे आधी वीज जाळून थंडी आणायची, मग त्या थंडीसाठी ब्लेझर शिवायचा. अन् ही म्हणे शिकलेली माणसं! शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना उशिरापर्यंत डांबून 'घरच्यांना वेळ द्या' यावर भाषण व्हायचं. कोणी हसायचं नाही. मीच तेवढी काखेत उसवायची.

नूपुर रविवारी कॅमेरा घेऊन रानात जायची अन् सोमवारी माणसासारखी दिसायची. मंगळवारपासून पुन्हा तेच. एक दिवस तिनं राजीनामा दिला. फोटो काढीन अन् लोकांना शिकवीन, म्हणाली.

तिची आई यमुताई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"पाखरं पाहाले इंजिनियर केलं का वं तुले?"

"पाहाले नाही आई, दाखवाले."

"लोकायले डोळे नाहीत काय?"

"आहेत. पण वापरत नाहीत."

यमुताईनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कपाटातून मला ओढलं अन् कात्री चालवली. रागानं कापलं की मायेनं, मला आजवर कळलेलं नाही. कणी मात्र स्वतः पाखडून भरली.

इकडे कंपनीतले सौरव साहेब मोठे दयाळू. फोन करून म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो." नूपुर नाही म्हणाली नाही. आईला एवढंच सांगितलं, "तोवर क्लास उभा नाही राहिला, तर जाईन परत." यमुताई त्याच दिवशी नव्या ब्लेझरचं कापड पाहून आली.

क्लास उभा केला भैयाजीनं. लकडगंजचा लाकडाचा व्यापारी. कॅमेरा इतका मोठा की उचलायला मित्र लागावेत, म्हणून मित्रही आणलेले, तेही फी भरून. सगळ्यांना एकच जनावर ठाऊक, वाघ. बाकी सगळं रान म्हणजे वाघाच्या मागचा पडदा. शिवाय एक होती कामठीची कौसल्याबाई, अंगणवाडी सेविका. तिच्याकडे फक्त मोबाइल. भैयाजीच्या मंडळीनं तिला गाडीत मागे, डब्यांजवळ बसवलं होतं.

एप्रिलातल्या एका सकाळी नूपुरनं सगळ्यांना सावनेरच्या बाजूला एका उघड्या माळावर नेलं. भैयाजीचं तोंड उतरलं.

"अवो मॅडम, इथं तं कुत्रंबी नाही."

"म्हणूनच आणलं. नजर शिकते इथं."

"नजर चांगलीच आहे आमची. टायगर दाखवा फक्त."

तेवढ्यात दूर एक चंडोल दिसला. भैयाजीला एकदम जमिनीवर पालथं पडून फोटो काढायची हौस आली. नूपुरकडून मला मागून घेतलं. मला टेकवायला जागा सपाट पाहिजे, म्हणून त्यानं खालचे गोटे बाजूला सारायला घेतले. डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत नुसती किंचाळत होती.

"हे पाखरू काहून बोंबलून राहिलं गा? हाकला त्याले!"

एक गोटा त्यानं उचलला. दुसऱ्या हातानं मला खाली ठेवू लागला. माझं बूड टेकणार, इतक्यात नूपुर धावत आली अन् तिनं मला हिसकलं.

"भैयाजी, हात थांबवा! गोटे नाही, अंडी आहेत ती!"

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. तीन खाली होती, चौथं भैयाजीच्या मुठीत. नूपुरनं ते अलगद घेऊन जागेवर ठेवलं.

आता माणसाला लाज वाटावी की नाही? भैयाजीनं कॅमेरा वर टिटवीकडे केला. "वा! चोच उघडी आहे. एक नंबर फोटो येईन."

"कॅमेरे बंद. सगळे मागं चला. ऊन चढून राहिलं. ती येऊन बसली नाही, तर अंडी इथंच उकडतील."

"फोटो काढाले आलो मॅडम, अंडे राखाले नाही. आम्ही निघालो तर शिकवान कोणाले?"

महिना संपायला आला होता. नूपुरची बोटं माझ्यात रुतली, कणी करकरली.

"भिंतीले शिकवीन. पण इथून हला."

गेले. धूळ उडवत, हॉर्न वाजवत. मागच्या सीटवरचे डबेही गेले. कौसल्याबाई मात्र उतरून उभी होती.

दोघी लांबच्या बाभळीखाली बसल्या. फोटो नाही, चहा नाही, नुसतं बघणं. टिटवी खाली उतरली, थोडं पळाली, थांबली, उडून नाल्याकडे गेली.

"आली होती तं गेली काहून, मॅडम?"

"पोट भिजवाले. ओल्या पिसांनी अंडी थंड करते ती."

परत आली. पिसं ओली होती. अंड्यांवर हलकेच बसली.

"बसली वं माय!" कौसल्याबाईनं नूपुरचा हातच धरला. मोबाइल तिच्या पिशवीतच होता, तिला आठवलाही नाही.

घरी यमुताई दारातच उभी. "किती उरले क्लासात?"

"एक."

नूपुरनं तिथंच सौरव साहेबांना फोन लावला. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली अन् ठेवून दिला.

"एका बाईसाठी नोकरी सोडली?" यमुताई ओरडली.

"एक बाई अन् चार अंडी."

यमुताईनं कपाळाला हात लावला. अजून अधूनमधून लावते. कौसल्याबाईनं पुढच्या वेळी आणखी दोन सेविका आणल्या. क्लास चालतो म्हणण्यासारखा चालत नाही, पण बसलेला नाही.

माझा रंग उडालाय, कणीत सोंडे किडे झालेत. माझं काय, उद्या दुसरी पिशवी शिवतील. तुमच्याकडे एकच मागणं. माळावर आलात तर पाय टाकण्याआधी खाली बघा. अन् डोक्यावर एखादं पाखरू ओरडत असेल, तर शहाण्यांनो, ते तुमचं स्वागत करत नसतं.