शंभर टक्के निकालाची शाळा

मी शिंपी. माझी लेक सरकारी शाळेत बरी शिकत होती. मेहुणा, म्हणजे तिचा मामा, खाजगी शाळेत कारकून. येता-जाता टोमणे मारायचा, की दाजी, सरकारीचा निकाल एकसष्ट टक्के, आमचा शंभर. पोरीला जाणूनबुजून खड्ड्यात घालताय. शेवटी आठवीत तिला त्याच्या हवाली केली.

दहावीच्या सहामाहीत ती गणितात आपटली. आठवड्याभरात मामा दुकानात आला. परीक्षेचे फॉर्म आहेत, इथं आणि इथं सही करा, म्हणाला. मी काजं करत होतो, दोरा दातात होता. सह्या ठोकल्या. घरचाच माणूस, वाचायचं काय? माझ्यासारखा गाढव मीच.

परीक्षेला पंधरा दिवस असताना प्रवेशपत्र आलं. त्यावर शाळा छापली होती सरकारी. लेकीनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाबा, मला काढलं का?"

तसाच त्याच्या कचेरीत गेलो. आधी त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. मग हळू आवाजात सांगितलं. नापास होतील अशी वाटणारी दहा-अकरा पोरं दरवर्षी निवडतात, पालकांची सही घेऊन त्यांची नावं सरकारी शाळेत चढवतात. आमचा शंभर शंभरच राहतो. पडलं कोणी, तर त्यांचं पडतं. दाखला मागितल्याच्या अर्जाखाली माझीच सही दाखवली.

"तू तिचा सख्खा मामा ना रे?"

"म्हणून तर वर्गात बसू दिलं, दाजी. बाकीच्यांना तेही नाही."

मी त्याच्या तोंडात मारली नाही. अजून हात शिवशिवतो.

लेकीला घेऊन सरकारी शाळेत गेलो. तिथल्या गणिताच्या बाईंनी काही विचारलं नाही. अशी पोरं दरवर्षी येतात, त्यांची टाकून दिलेली आम्ही शिकवतो आणि वर लोक नाक मुरडतात ते आम्हालाच, एवढंच बोलल्या. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर त्या लेकीला घेऊन बसल्या.

पास झाली. गणितात एकेचाळीस. म्हणजे ठेवली असती तरी त्यांचा शंभर हलला नसता.

संध्याकाळी मामा हसत दारात आला. भाचीनं नाव काढलं, म्हणाला. लेक उठली नाही.

"आई, शाळेचे कारकून आलेत," ती म्हणाली.

बायकोनं भावाकडे पाहिलं आणि भांडी घासत राहिली. तो उंबऱ्यातच थोडा वेळ उभा राहिला. आत ये असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.