धोंडीबाचं सुतक

"आमचा थोरला भाऊ गेला, धोंडीबा," ज्योतीराम बोलून गेले आणि त्यांनाच घाम फुटला.

थेरगावच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांनी त्यांना घेरलं होतं. गुरुवारी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याने चहा-वडा द्यायचा आणि पंचाहत्तरीला जेवण, हा संघाचा रिवाज. "पार्टी जोरात पाहिजे, राव!" असं सेक्रेटरी उद्धवराव पाठीवर थाप मारून म्हणाले, तेव्हा ज्योतीरामांच्या डोळ्यांसमोर साठ ताटं नाचली. फाउंड्रीतून रिटायर झाले त्या दिवशी लागलेली पेन्शन आजही तेवढीच होती. तेल, गॅस, बायको दुर्गाबाईंच्या गुडघ्यांची औषधं मात्र थांबायला तयार नव्हती. निघोज्याला राहणाऱ्या मुलाकडे मागावं, तर त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद. बरं, इतकी वर्षं लोकांचे वडे मिटक्या मारत खाल्लेले. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? सुतक असलं की कुणी काही मागत नाही, एवढंच त्यांना सुचलं.

"अरेरे! मग तुम्ही इथं कसे?"

"पहाटंच माती झाली. निरोप उशिरा आला."

संध्याकाळी चौघे जण पिठलं-भाकरीचा डबा घेऊन घरी आले. "चूल पेटवू नका, वहिनी," उद्धवराव म्हणाले. दुर्गाबाई दारात थबकल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी मुकाट्याने पदर तोंडाला लावला.

माणसं गेल्यावर त्या म्हणाल्या, "भावजींस्नी मारलं व्हय?"

"मग काय करू? साठ मान्सं जेवू घालू?"

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाकरी गार व्हत्याती," एवढंच म्हणून त्यांनी दोन ताटल्या घेतल्या. पिठलं चांगलं झालं होतं, पण ज्योतीरामांनी अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली.

खोट्याला शेपूट फार. "दहाव्याला जाणार ना?" असं उद्धवराव रोज विचारत. थोरला गेला की धाकट्याने डोई करायची. केसांसकट परत आले असते तर बिंग फुटलं असतं. वाढदिवस गुपचूप उलटला. पंचाहत्तरी झाल्यामुळे आता एसटी फुकट होती. त्यांनी वल्लभनगरहून भावाच्या गावची, दहिवडीची गाडी धरली.

दोन दिवस धोंडीबांनी भावाला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. कोंबडं कापलं. "कसं चाललंय?" विचारलं, तर ज्योतीराम म्हणाले, "झ्याक." निघायच्या दिवशी ते एकटेच लवकर स्टँडवर आले आणि न्हाव्याच्या दुकानात शिरले. डोक्यात उष्णता झालीय, असं त्याला सांगितलं. अर्धं डोकं झालं असेल, तोच भावाला गाडीत बसवून द्यायला निघालेले धोंडीबा दारात उभे राहिले.

"ज्योत्या! आरं, कोण गेलं रं?" ब्याऐंशी वर्षांचा माणूस काठीवर लटपटत होता. "दुर्गा बरी हाय न्हवं? पोरगं?"

ज्योतीरामांना दुसरं खोटं सुचेना. मान खाली घालून ते म्हणाले, "दादा, तूच."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता हुंदका आला. न्हाव्याने वस्तरा बाजूला धरला. लाज वाटली, तरी रडू थांबेना.

धोंडीबा काठी टेकवत बाकावर बसले.

"मला मारलंस त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पर एवढी वडाताण हाय, आन मला झ्याक म्हून सांगितलंस?"

धोंडीबा न्हाव्याकडे वळले. "थांबलास का? पुरं कर. मिशा बी काढ. लोकांस्नी खरं वाटाय पायजे."

मिशा उतरल्या. आरशात ज्योतीरामांनी बघितलं नाही. उठून त्यांनी खिशात हात घातला, तर धोंडीबांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि बंडीतून नोटा काढून स्वतःच्या दहाव्याचे पैसे त्यांनीच दिले.