कलिंगड कोणी हलवलं?

आमच्या बेटावर सगळे त्या पोरीला जपायचे आणि मला त्याचाच वैताग यायचा. पोर म्हणजे माझी भाची चिनात्सु, धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. भाऊ मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असतो, महिनोन्‌महिने घरी येत नाही. घरात राहिल्या दोघी, चिनात्सु आणि तिची आई किनुए, म्हणजे माझी भावजय.

किनुएनं घरातल्या एकूणएक टोकदार कोपऱ्याला जुने टॉवेल गुंडाळून ठेवले होते. सहा वर्षांची घोडी झाली तरी पोरीच्या माशातला काटा न् काटा आईच काढायची. माझं केस कापायचं दुकान आहे आणि माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं गिऱ्हाइकं म्हणतात. मी भावजयीला तोंडावर सांगायचे, "किनुए, आता तिचा घासही तूच चाव."

"लागलं तर तेही करीन, ताई. तुमचे दात उसने मागायला येणार नाही."

अशी आमची रोजची जुंपायची.

गावानंही किनुएचंच वळण उचललं होतं. मुलं हातानं दगड-कागद-कात्री खेळायची. चिनात्सुला समोरचा हात दिसत नाही, मग तिनं "दगड!" म्हणून मूठ पुढं केली की समोरचं पोर गुपचूप दोन बोटांची कात्री करायचं आणि "हरलो बुवा!" म्हणून ओरडायचं. एकदा माझ्या दुकानातल्या फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरता फिरता ती मला म्हणाली, "आत्या, मी कधीच हरत नाही."

"बरंय की मग."

"बरं काय त्यात? मुद्दाम करतात सगळे. मला कळत नाही असं वाटतं त्यांना." खुर्ची थांबली. "मला कंटाळा आलाय जिंकायचा."

पोरीचं खरं होतं. पण मी एकटी बोलून काय उपयोग?

ऑगस्टमध्ये शहरातल्या अंधशाळेच्या कुरामोचीबाई बेटावर आल्या. त्या शाळेत मुलांनी आठवडाभर वसतिगृहात राहायचं आणि शनिवारी बोटीनं घरी यायचं. नवा वर्ग एप्रिलमध्ये सुरू होणार होता. बाईंना स्वतःलाच अगदी अंधुक दिसतं. हातात पांढरी काठी, डोळ्यांवर जाड भिंगं आणि भूक मात्र दोन माणसांची. संध्याकाळच्या बोटीनं त्या परतणार होत्या आणि त्याआधी चिनात्सुला पाठवायचं का, ते किनुएनं हो-नाही सांगायचं होतं. भावानं फोनवर "तू म्हणशील तसं" म्हणून अंग काढून घेतलं होतं.

दुपारी गार शेवया खाऊन झाल्यावर बाईंनी चिनात्सुपुढं हात धरला. "चल, दगड-कागद-कात्री. तू माझा हात चाचप, मी तुझा चाचपते."

चिनात्सु हरली. परत खेळली, परत हरली. तिसऱ्यांदा हरल्यावर पोरीला आनंदानं उचकीच लागली. "आई! मी हरले! खरंखरं हरले! मला बाईंच्या शाळेत जायचंय!"

किनुएनं तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला आणि बाईंना विचारलं, "तिथं तिला कोणी त्रास तर नाही ना देणार? चिडवतील, फसवतील..."

"देतील की," बाई वाटी पुढं करत म्हणाल्या. "हीसुद्धा देईल. थोड्या शेवया उरल्यात का हो?"

किनुएचा चेहरा पाटासारखा सपाट झाला. "मग नाही जमायचं," ती म्हणाली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. म्हातारे इवाकिची दर उन्हाळ्यात आपल्या मळ्यातलं एक कलिंगड मुलांना फोडायला देतात. बाईंना बोटीपर्यंत वेळ होताच, म्हणून आम्ही सगळे तिकडं गेलो.

कलिंगड चटईवर ठेवलेलं असतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधतात, त्याला गरगर फिरवतात, हातात काठी देतात. मग बघे ओरडतात, "उजवीकडे! मागं! पुढं!" त्यातले निम्मे धडधडीत खोटं सांगतात आणि खरी गंमत त्यातच असते. आम्ही पोचलो तेव्हा इवाकिचींचा नातू तामाकी खडकांवर काठी बडवत होता आणि लोक पोट धरून हसत होते. मी माझी नवी गवती टोपी, शहरातून आणलेली, निळ्या फितीची, एका ओंडक्यावर काढून ठेवली. उन्हात डोकं खाजायला लागलं होतं.

"आता मी," चिनात्सु म्हणाली.

"चिनात्सु, खडक आहेत तिथं," किनुए म्हणाली.

"मला माहितीये कुठं आहेत ते. आत्ताच तामाकीनं वाजवून दाखवले."

इवाकिचींनी तिच्या हातात काठी दिली. "तुला टॉवेल कशाला गं?"

"सगळ्यांना बांधता ना? मग मलाही बांधा."

टॉवेल बांधला, फिरवलं. पोर डुगडुगली, मान वाकडी करून लाटांचा आवाज ऐकला आणि चालू लागली. पण ती जरा भलतीकडे चालली होती. किनुएनं इवाकिचींना हातानं खूण केली. तो भला माणूस लगबगीनं गेला आणि चटईसकट कलिंगड ओढून तिच्या पावलांपुढं आणून ठेवलं. सगळं गाव श्वास रोखून, कौतुकानं बघत राहिलं.

चिनात्सु थांबली. काठी खाली केली.

"कलिंगड कोणी हलवलं?"

इवाकिची पाय न वाजवता मागं सरकले.

"इवाकिचीआजोबा, तुमचे गुडघे वाजले. चटईपण घासली वाळूत." तिचा आवाज चिरकला. "तामाकीसाठी हलवलं होतंत? मग माझ्यासाठी का? मला नाही खेळायचं असलं!"

टॉवेलखालून पाणी ओघळलं. मी किनुएकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. बाईंना नीट दिसलं नसावं, त्यांनी मला विचारलं, "काय झालं हो?" पण उत्तर किनुएनं दिलं. ती इवाकिचींना म्हणाली, "परत ठेवा. होतं तिथं ठेवा."

कलिंगड परत गेलं. इवाकिचींनी पोरीला पुन्हा फिरवलं. आता सगळे ओरडायला लागले, पण सगळे एकच ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे!" आणि कलिंगड डावीकडेच होतं. आमच्या गावात एवढं खरं बोलणं कधी कोणी ऐकलं नसेल. पोर खांदे पाडून, मुकाट डावीकडे वळली.

"उजवीकडे!" किनुए ओरडली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आईचा आवाज, म्हणून चिनात्सु लगेच वळली.

"अजून थोडी! हां, सरळ! सरळ जा!"

तिकडं काय आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "अगं किनुए, माझी टो—"

"मार!"

पोरीनं दोन्ही हातांनी काठी हाणली. टोपीतून कचकन आवाज आला. चिनात्सुनं वाकून चाचपलं. गवताची वीण, मग फीत.

"हे कलिंगड नाहीये. ही आत्याची टोपी आहे!" ती सावकाश वळली. "आई... तू मला फसवलंस?"

"फसवलं," किनुए म्हणाली.

चिनात्सु वाळूत बसली आणि जी हसत सुटली ती थांबेचना. "आईनं मला फसवलं! तामाकी, ऐकलंस का, आईनं मला फसवलं!" सगळा किनारा तिच्यासोबत हसत होता.

"आणि माझ्या टोपीचं काय?" मी विचारलं.

"इतकी वर्षं ऐकून घेतलंय तुमचं, ताई," किनुए डोळे पुसत म्हणाली. "एक टोपी तर वसूल करणारच."

इवाकिची म्हणाले, पोरीला आणखी एकदा खेळू द्या. चिनात्सु ठणकावून म्हणाली, "नाही! एकदाच. मी हरलेय." मग तामाकीच्या धाकट्या बहिणीनं कलिंगड फोडलं आणि आम्ही मीठ लावून खाल्लं. अर्धं बाईंनीच संपवलं.

धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला तरी बाईंनी काही विचारलं नाही. त्या फळीवर पाय ठेवणार तेवढ्यात किनुए पुढं झाली.

"बाई, तिथं तिला फसवणारं कोणी आहे ना? चांगलं, मनापासून फसवणारं?"

"वसतिगृह भरलंय त्यांनी."

"मग एप्रिलमध्ये घेऊन येते."

एवढं बोलली आणि ढसाढसा रडली. चिनात्सु तिच्या कमरेला बिलगून नाचत होती. माझ्याही नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून मी ती चेपलेली टोपी डोळ्यांवर ओढली.

"आत्या, तू रडतेयस."

"छे गं. ऊन लागतंय डोळ्यांना."

"खोटं!" चिनात्सु आनंदानं किंचाळली. "आई, आत्यापण मला फसवतेय!"