धाकलीच्या घरची वाट

चिंतूच्या अंगणातून त्याच्या बहिणीच्या, धाकलीच्या घरी जायला पूर्वी एक विडी लागायची. पेटवायची आपल्या दारात नि विझवायची तिच्या. मधे चिंतूचंच शेत, त्यातून पायवाट. आता दापोड्याकडून वळसा घालून अकरा किलोमीटर पडतात. दोन्ही घरं मात्र जागची हललेली नाहीत.

झालं इतकंच, की चार वर्षांपूर्वी चिंतूने शेत गोदामवाल्यांना विकलं. अंगठा उठवताना त्याला पायवाट आठवली नव्हती असं नाही. पण वाट कुणाच्या मालकीची नसते, तेव्हा ती राहणारच, अशी त्याची समजूत. कागदातही तिचं नाव नव्हतं. गोदामवाल्यांचा वकील शिकलेला होता, त्याची अशी समजूत झाली नाही.

आधी तार आली, मग भिंत. धाकलीकडे जायला गाडी हवी, म्हणून मुलाने, भरतने, शेताच्या पैशातून गाडी घेतली. शेत गेलं म्हणून गाडी लागली, आणि शेत गेलं म्हणूनच ती घेता आली. पाड्यातल्या आणखी आठ घरांची अशीच प्रगती झाली. नऊही गाड्या एकाच रस्त्यावर कंटेनरांच्या मागे उभ्या राहू लागल्या.

सकाळी नऊला भाच्याचा, विठूचा फोन आला. "मामा, आय गेली. माहेरचा लुगडा घेऊन ये. दुपारी उचलायचा हाय."

बहिणीच्या अंगावर शेवटचं लुगडं भावाचं पडतं. हिरवं लुगडं पेटीत तयारच होतं. दिवाळीला द्यायचं राहिलं होतं. तेव्हा गाडी गॅरेजात होती.

दोन तासांत गाडी दीड किलोमीटर गेली.

"भरत, मी उतरतो. चालतो."

"साडेनऊ किलोमीटर? या उन्हात? मंग गाडी कशाला घेतली आपून?"

चिंतूने खिडकीबाहेर पाहिलं. निळं फाटक, शेजारी शेवगा. शेवगा त्यानेच लावलेला, शेत त्याचं होतं तेव्हा. लुगडं काखेत घेऊन तो उतरला.

फाटकावरच्या वॉचमनने रजिस्टर उघडलं. "गाडी नंबर?"

"गाडी न्हाय. पायानं जायचा हाय. पलीकडं माजी बहीण मेली."

"चाचा, इसमें पैदल का खाना ही नहीं है।"

चिंतूने रस्त्यात अडकलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. वॉचमनने गाडीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, आणि तिचाच नंबर लिहिला. "जाओ. जल्दी आना."

रजिस्टरप्रमाणे गाडी आत गेली.

वाटेवर गोदाम बसलं होतं. चिंतू त्याला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी आला. दोन पुरुष उंच भिंत, वर तार, फाटक कुठेच नाही. पलीकडे बायका रडत होत्या. इतक्या जवळ, की कोण रडतंय तेही ओळखू यावं. याच जागेवरून धाकली हाक मारायची, "दादा, येतस का जेवाया?"

"विठू! अरं विठू!"

"मामा? कुठं हायस?"

"भिंतीच्या ह्या अंगाला!"

पलीकडे कुजबूज झाली. मग विठू म्हणाला, "मामा, समदी थांबलीत. टाक वरून."

"तिचा तोंड बघायचा हाय रं मला."

"कसा दिसंल, मामा? टाक."

लुगडं तारेत अडकू नये म्हणून चिंतूने पदरात दगड बांधला. पाखरं हाकलायला आयुष्यभर जसा फेकला, तसाच फेकला. लुगडं तारेवरून गेलं.

"मिलला, मामा."

"दगड काढ आधी," चिंतू म्हणाला. "तिला लागंल."

रडणं हळूहळू लांब जाईपर्यंत तो भिंतीला हात टेकून उभा राहिला.

वॉचमनने गाडी बाहेर गेल्याची वेळ लिहिली. खरी गाडी दोन कंटेनर पुढे सरकली होती.

"बस, बाबा. आता सुटंल," भरत म्हणाला.

चिंतू बसला. दारही लगेच लावून घेतलं, कारण मागचा हॉर्न वाजवत होता.