आवडीच्या पाठीवरची अक्षरं

मंगळवार उजाडला की वरच्या कोंडावर, डोंगरावरच्या त्या लहानशा वाडीत, माणूस मावत नसे. उमरठ मागे टाकलं की वाट डोंगराला लागते आणि तिथून दीड तासाची उभी चढण आहे. गाडीरस्ता तेव्हा नव्हताच. तरीही सत्त्याण्णव सालच्या त्या चैत्रात म्हातारी माणसं काठ्या टेकीत वर येत आणि लेकुरवाळ्या बाया पोरांना कडेवर घेऊन येत. देवळाच्या सारवलेल्या मंडपात आवडी सगळ्यांकडे पाठ करून बसलेली असे. पदर पुढून गच्च धरलेला, पाठ तेवढी उघडी आणि तिच्यावर काळी घोंगडी.

"देवी बोलत नाय, देवी लिवते!" हैबतीबुवा गर्जत. "बोललेलं वाऱ्यावर जातंय, लिवलेलं डोळ्यांना दिसतंय! इचार रे चांगू!"

चांगू हात जोडून पुढे सरकला. "बुवा, माझा पोरगा गणपतीला मुंबईस्नं येल का? दोन वर्सं तोंड नाय बघितलं त्याचं."

बुवांनी डोळे मिटले. तुळशीची काडी घेऊन हात घोंगडीखाली घातला. "देवीला वाट दावतो," असं म्हणून काडी जराशी फिरवली, हात बाहेर काढला आणि आरती सुरू केली. झांजा झडल्या. एक नाही, दोन नाही, सगळी कडवी म्हणून झाली. मग बुवांनी घोंगडी खसकन ओढली.

आवडीच्या पाठीवर बोटभर जाडीची, फुगलेली, लालभडक अक्षरं उठली होती : होय.

चांगू तिथेच आडवा झाला. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. गर्दीत पहिल्या रांगेला बसलेल्या विठाबाईचा ऊर भरून आला. ती आवडीची थोरली जाऊ. बुवांना कोंडावर आणलं होतं तिनेच.

हैबतीबुवांची देवी मोठी मितभाषी होती. प्रश्न केवढाही असो, उत्तर दोन अक्षरांपलीकडे जात नसे. घोंगडीखाली लांबलचक लिहायला जागा अपुरी पडत असेल, असं त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आवडीच्या अंगावर तीन वर्षं पित्त उठत होतं. सकाळी भाकऱ्या थापताना मनगटावर, दुपारी मोळी टेकली की खांद्यावर, रात्री अंथरुणात कुठेही. गांधी उठायच्या आणि खाजेने जीव नकोसा व्हायचा. विठाबाईने आमसुलाचं पाणी लावलं, गेरू चोळला, घोंगडीने अंग घासलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आवडीचा नवरा सहदेव मुंबईत गिरणीला होता. गिरणी बंद पडली तेव्हापासून त्याची पत्रं विरळ झाली, आणि ज्या महिन्यात पत्र नाही त्या महिन्यात आवडीचं अंग जास्त पेटायचं. हे विठाबाईच्या ध्यानात आलं होतं, पण त्याचा अर्थ तिला लावता आला नव्हता.

शेवटी दोघी महाडला अमिता डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि कपाळाला आठी घातली. "रक्तदाब फार वाढलाय. ही पिवळी गोळी खाजेची, ही पांढरी रक्तदाबाची. पांढरी एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

आवडीने चार महिने गोळ्या नेमाने घेतल्या. खाज कमी झाली. ती झोपू लागली, पाणवठ्यावर थट्टामस्करीही करू लागली. पण विठाबाईच्या जिवाला घोर होता : जन्मभर गोळ्या खायच्या? याला मुळातून उपाय नाही? म्हणून तिने बुवांना आणलं. बुवांनी आवडीच्या दंडावरून नख ओढून पाहिलं, थोडा वेळ थांबले, पुसटशी रेघ उठलेली बघितली आणि एकदम पाया पडले.

"ह्यो रोग नाय, माय. ही देवीची पाटी हाय! आन् गोळ्या म्हंजे वला फडका. पाटी पुसू नका!"

विठाबाईने दोन्ही गोळ्यांची पाकिटं उचलून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून टाकली. कुठली पिवळी, कुठली पांढरी, हे तिने पाहिलंही नाही.

तिसऱ्या मंगळवारी घरी परतताना आवडी हळूच म्हणाली, "आक्का, एक सांगू? बुवांची काडी फिरते ना पाठीवर, ती जशी फिरते तशीच अक्षरं उठतात गो. मला वाचता नाय येत, पण कळतंय ना. मोळीची दोरी काचली तरी तसाच वळ उठतो माझ्या अंगावर."

"गप!" विठाबाई दबक्या आवाजात ओरडली. "देवीवर संशय घेतेस? सगळा कोंड तुझ्या पायाशी लागलाय."

"माझ्या नाय, माझ्या पाठीच्या पायाशी," आवडी म्हणाली आणि कसनुसं हसली. पुढे चार पावलांवर ती दगडावर बसली. "आक्का, छातीत दडपल्यासारखं होतंय."

विठाबाईने बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "देवी आत बसायला जागा करते हाय."

पुढच्या मंगळवारी ऊन रणरणत होतं. गर्दी दुप्पट. एकामागून एक सात प्रश्न झाले. आठव्या आरतीला आवडी पुढे कलली ती उठलीच नाही. घामाने चिंब, ओठ निळे. बुवा म्हणत होते, "आली, आली, देवी आली!" पण चांगूनेच झोळी बांधली. शेजारच्या पांडूने आणि त्याने बांबू खांद्यावर घेतला आणि डोंगर उतरले. मागून विठाबाई, आणि तिच्या मागून दप्तरासकट धावत आलेली गौतमी, आवडीची चौथीतली लेक. खाली जीप मिळेस्तोवर अर्धा तास गेला. जीपमध्ये आवडीने विठाबाईचं बोट धरलं होतं. पोलादपूर ओलांडल्यावर ती पकड सुटली.

महाडला डॉक्टरीणबाईंनी जे करायचं ते सगळं केलं. मग त्या बाहेर येऊन बाकावर विठाबाईशेजारी बसल्या.

"पांढरी गोळी कधी बंद केली?"

विठाबाईने मान खाली घातली. "दीड महिना झाला."

बाईंनी गळ्यातली नळी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "तिच्या पाठीवर काडीचे ओरखडे राहिलेत, अक्षरांसारखे. कुणी लिहिली?"

"देवीनं."

"विठाबाई, काही माणसांची कातडीच अशी असते. बोथट काडीने, नखाने नुसती रेघ ओढली तरी पाचदहा मिनिटांत तिथे गांध उठते. अर्ध्याएक तासाने मावळते. खाजेची गोळी चालू असती तर अक्षरं अशी ठसठशीत उठलीच नसती. म्हणून त्याला ती गोळी नको होती." बाईंनी चष्मा काढून पुसला. "अंगावरच्या पित्ताने माणूस असा जात नाही. पण तीन वर्षांची खाज, झोप नाही, नवऱ्याची काळजी, त्यात एवढा रक्तदाब. सगळा भार हृदयावरच येतो. गोळी तो भार कमी करत होती. आणि तुम्ही तिला दर मंगळवारी उन्हात गर्दीपुढे उघड्या पाठीने बसवलीत."

तेवढ्यात बाईंचं लक्ष गौतमीकडे गेलं. दप्तराचा पट्टा काचला होता तिथे पोरीच्या खांद्यावर लाल वळ उठला होता. बाईंनी पेनाचं टोपण तिच्या हातावरून हलकेच ओढलं. थोड्या वेळाने तिथे रेघ फुगून आली. गौतमी त्या रेघेकडे एकटक बघत राहिली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. आता रडली.

तेरावं झालं आणि हैबतीबुवा दारात हजर. "देवी आईच्या पाठीवरून लेकीच्या अंगावर आली! मंगळवारी पोरीला घेऊन या."

सहदेव मुंबईहून आलेला, खांब धरून बसला होता. विठाबाई म्हणाली, "येतो बुवा."

मंगळवारी मंडप गच्च भरला. गौतमी मांडीवर घोंगडी घेऊन बसली, पण सगळ्यांकडे तोंड करून. बुवांनी काडी उचलली तेव्हा विठाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"आज काडी पोरगी फिरवंल."

"काडी माझ्याबिगर चालायची नाय! देवी कोपंल!"

"काय कोपायचं ते कोपून झालंय," विठाबाई म्हणाली आणि काडी काढून घेतली.

गौतमीने घोंगडीखाली हात घातले आणि आपल्याच डाव्या हातावर काडी फिरवली. विठाबाईने आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला ती मधेच अडली. बायकांना काय चाललंय कळेना, पण सवयीने त्यांनी आरती पुरी केली. गौतमीने हात बाहेर काढून वर धरला.

चांगूने पुढे होऊन वाचलं. "दोन अधिक दोन..." तो थांबला. "पाच?"

"आगं बया, देवीला बेरीज येत नाय?" मागून एक म्हातारी म्हणाली. कुणीतरी फसकन हसलं. मग हसणं थांबलं.

"मीच लिवलं, मुद्दाम चुकीचं," गौतमी म्हणाली. "बरोबर लिवलं असतं तर तुम्ही देवीचंच म्हटलं असतं."

चांगू दोन पावलं मागे सरला. गणपतीला पोरगा येणार म्हणून त्याने आतापासूनच घर लिंपून ठेवलं होतं. "म्हंजे ते 'होय'..." एवढंच तो म्हणाला. सगळे बुवांकडे वळले, तर बुवांची झोळी जागेवर नव्हती आणि बुवाही नव्हते.

विठाबाई उभी राहिली. चार माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"बुवा लबाड व्हता, पन त्याला डोंगर चढवून मी आणला. गोळ्या मी पुरल्या. आवडीनं मला सांगितलं व्हतं, आक्का, काडी फिरते तशीच अक्षरं उठतात. तिला अक्षर वळखत नव्हतं, तरी तिला कळलं व्हतं. छातीत दडपतंय हे बी सांगितलं. मी गप म्हटलं." ती बायकांकडे वळली. "तुमच्या घरात कुणी असं काय सांगत असंल तर तिला गप म्हणू नका. ऐका. करून बघा. कळत नसंल तर डॉक्टरला इचारा. देवाला राग येत नाय त्याचा. आन् येत असंल तर येऊ दे."

मंडप हळूहळू रिकामा झाला. दोघीच उरल्या. विठाबाईने गौतमीचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर आमसुलाचं पाणी लावत बसली. बेरीज पुसट होत गेली. आधी पाच गेला, मग बरोबरची खूण, मग उरलेले आकडे. शेवटची रेघ मावळेपर्यंत विठाबाईने हात सोडला नाही. मग तिने कनवटीची पुडी सोडली. डॉक्टरीणबाईंनी गौतमीसाठी दिलेल्या खाजेच्या गोळ्या होत्या त्यात, आजच्या काडीसाठी अडवून ठेवलेल्या.

"घे गो बाय," ती म्हणाली. "आणि उद्यापास्नं मला इचारत जा, आक्का, गोळी दिलीस का म्हणून."