माझ्या पोटातलं पाणी

जरा थांबा, या जुन्या टँकरचंही ऐका. मी रंगनाथच्या ट्रॅक्टरमागे धावणारा पाण्याचा टँकर. एका दुपारनं मला असं हलवून सोडलंय, की सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सोनईच्या एका वर्कशॉपात वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. रंगनाथनं मला निळा रंग दिला आणि वस्त्यावस्त्यांवर फिरवलं. माझ्याभोवती बाया हंड्यांसाठी कडाकडा भांडायच्या, आणि पाणी भरून झालं की एकमेकींच्या डोक्यावर हंडा चढवून द्यायच्या. मला वाटायचं, भांडण म्हणजे एवढंच असतं.

रंगनाथच्या भिंतीला भिंत लागून दगडूभाई पिंजारी राहायचे. गाद्या भरायचा धंदा. घरात बायको हमीदा आणि पाच वर्षांची नात सना. रंगनाथची बायको चांगुणा आणि हमीदा माझ्याच नळाखाली धुणं धुवायच्या.

गेल्या वैशाखात मोबाईलवरच्या कुठल्याशा स्टेटसवरून शेजारच्या गावात पेटलं. ते ठेवलं कुणी, आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी सकाळी आमच्याकडेही दोन दुकानं फुटली आणि दुपारी दगडूभाईंच्या दारावर दगड आला. रंगनाथनं पोलिसांना फोन केला. "गाडी निघालीय," म्हणाले. गाडी काही येईना.

मागच्या दारानं तिघं रंगनाथच्या परसात आली.

"जीपमधून नेतो," रंगनाथ म्हणाला.

"फाट्यावर समद्या गाड्या उघडून बघत्यात," चांगुणा म्हणाली. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. "ह्यात निम्मं पानी हाय. तसंच ऱ्हाऊ द्या. भाऊ, आत उतरा."

"आगं, जीव गुदमरंल त्यांचा!"

"हितं ऱ्हायले तर काय हुईल?"

आजवर मी पोटात पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. तिघं वरच्या झाकणातून उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात वाकून बसली. झाकणाखाली रंगनाथनं वाऱ्यापुरता लाकडाचा तुकडा सरकवला. पत्रा उन्हानं तापला होता. माझं तापणं मलाच सोसवेना.

चांगुणा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली. खड्ड्यात पाणी हिंदकळलं की सना आजीच्या गळ्याला मिठी मारायची.

फाट्यावर तीसचाळीस पोरं होती. हातात काठ्या. पुढे श्रीमंत, आमच्याच गावच्या आप्पासाहेबांचा मुलगा. त्याच्या लग्नात पाणी मी पुरवलं होतं आणि गाद्या दगडूभाईंनी भरल्या होत्या. त्यानं मला काठीनं ठोकलं.

"वर रिकामा वाजतुय."

"निम्मं वस्तीवर वतलं," चांगुणा म्हणाली, "निम्मं ऱ्हायलंय. तोंडं कशी सुकल्यात रं तुमची! प्या पानी."

पोरं नळावर तुटून पडली. ज्या पाण्यात ती तिघं बसली होती, तेच पाणी ही ओंजळीनं पीत होती. श्रीमंत प्यायला वाकला. त्याचा कान माझ्या पत्र्याला टेकला, आणि नेमकी तेव्हाच सना खोकली.

रंगनाथनं इंजिनाचा आवाज वाढवला, पण उशीर झाला होता. श्रीमंतनं भरलेली ओंजळ सोडून दिली. त्यानं चांगुणाकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

"काकी..." एवढंच तो म्हणाला. मग स्वतःच्या हातानं नळ बंद करून ओरडला, "सोडा रं! पानीच हाय."

फाटा मागे पडल्यावर उसाच्या आडोशाला झाकण उघडलं. हमीदा बाहेर आली ती थेट चांगुणाच्या गळ्यात पडली. कपडे उन्हात वाळल्यावर तिघं एसटीनं नगरला, हमीदाच्या भावाकडे पोचली. इकडे संध्याकाळी त्यांचं कापूस पिंजायचं मशीन कुणीतरी जाळलं.

मागच्या महिन्यात दगडूभाई उरलंसुरलं सामान न्यायला आले. श्रीमंत रस्त्यापलीकडे बराच वेळ घुटमळला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "चाचा, परत या गावात."

"यीन की," दगडूभाई म्हणाले. पण त्याच्याकडे न बघता. टेम्पो निघून गेला. श्रीमंत तिथंच उभा होता.

आता घरोघरी नळ आलेत. मी गंजत पडलोय. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे. मला वितळवा, पत्रे करा, काहीही करा. पण पुन्हा टाकी केलीत, तर बाबांनो, तिच्यात पाणीच भरा. माणसं लपवायची पाळी आणू नका.